राग नंतर, आधी डग्गा ऐका

शास्त्रीय संगीत नव्यानं ऐकायला लागलेल्याला हमखास सल्ला मिळतो, तो म्हणजे आधी राग ओळखायला शिका. मला हे उलटं वाटतं. राग ओळखता यायला वर्षं जातात, ठेका, म्हणजे तबल्यावर फिरून फिरून वाजणारे तालाचे ठरलेले बोल, मात्र थोड्या दिवसांत कानात बसतो. आणि एकदा सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सापडायला लागली की पाऊण तासाचा बडा ख्यालही, म्हणजे संथ लयीतलं विस्तारानं केलेलं गाणंही, लांबलेला वाटत नाही.

सुरुवात सोळा मात्रांच्या त्रितालानं करावी. किशोरी आमोणकरांची भूप रागातली 'सहेला रे' लावा आणि पहिल्या खेपेला गाण्याकडे चक्क दुर्लक्ष करा. कान फक्त डग्ग्यावर, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्या हाताच्या, घुमणाऱ्या वाद्यावर. पहिल्या आठ मात्रा तो घुमत असतो. नवव्या मात्रेला 'खाली' (तालाचा हलका भाग) येते आणि दहावी ते तेरावी, म्हणजे 'तिं तिं ता ता' या चार मात्रांना डग्गा गप्प. चौदाव्या मात्रेला 'धिं'वर तो परत घुमतो. तिथून 'धिं धिं धा' मोजलं की पुढची मात्रा सम. बंदिशीचा मुखडा, म्हणजे फिरून फिरून येणारी सुरुवातीची ओळ, तिथेच येऊन पडतो. दहा-बारा आवर्तनांत, म्हणजे तालाच्या फेऱ्यांत, मान आपोआप हलायला लागते.

विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालात मात्रा बाराच, पण एकेक मात्रा चार सेकंदांची धरली तर आवर्तन ४८ सेकंदांचं होतं. इथे बोटांवर मोजायला गेलात तर फसाल. खूण धरायची 'तिरकिट' या तबल्याच्या बोलाची. ते दोनदा येतं, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला, आणि नवखे पहिल्या तिरकिटानंतरच समेची वाट बघतात. फरक पुन्हा डग्ग्याचाच. पहिल्या तिरकिटामागून 'तू ना' येतं, त्यात डग्गा नाही. दुसऱ्यामागून 'धी ना', त्यातला 'धी' घुमतो. 'ना' झाला की सम. अमीर खाँसाहेबांचा मारवा सुरुवातीला नको. तो झुमरा तालात आहे, चौदा मात्रांच्या, आणि लय इतकी संथ की जाणकारही कधीकधी चुकतात.

हे सगळं मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू येणार नाही. त्या इवल्याशा स्पीकरला खर्ज पेलत नाही, त्यामुळे डग्गा जवळपास गायब होतो आणि तानपुऱ्याचा खर्जही. साधे वायरवाले इअरफोन लावले तरी काम भागतं.

मुंबईत रेडिओवर ऐकायचं तर आकाशवाणीची अस्मिता वाहिनी मिडीयम वेव्हवर ५५८ किलोहर्ट्झला. घरात खरखर येत असेल तर एरिअल वर ओढून उपयोग नाही, तो एफएमसाठी आणि शॉर्टवेव्हसाठी असतो. मिडीयम वेव्ह पकडते ती सेटच्या पोटातली फेराइटची कांडी. म्हणून अख्खा सेटच हळूहळू फिरवा, एका कोनात आवाज स्वच्छ होतो. जवळचा एलईडी दिवा आणि मोबाइलचा चार्जर बंद करा, निम्मी खरखर त्यांचीच असते. सेट खिडकीपाशी ठेवा, काँक्रीटमधल्या सळया लहरी अडवतात. एवढी खटपट नको असेल तर आकाशवाणीच्या ॲपवर 'रागम्' ही चोवीस तासांची वाहिनी आहे, २०१६ साली सुरू झालेली. तिच्यावर कर्नाटक संगीतही भरपूर असतं.

आकाशवाणीच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत गायकामागे बहुतेक वेळा सारंगीच ऐकू येते. १९४० पासून तीस वर्षांहून अधिक काळ तिथे हार्मोनियमला बंदी होती. सारंगी मिंडेसकट, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासकट, गायकाच्या मागे जाते, त्यामुळे ही मुद्रणं मला अजूनही जास्त गोड लागतात.

यूट्यूबवर दोन गोष्टी तपासून घ्या. एक, रागाचं नाव. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच, सा रे ग प ध, पण भूपात गंधारावर (ग) मुक्काम, देशकारात धैवतावर (ध). नाव टाकणाऱ्यांचा इथे सर्रास घोळ होतो. दुसरी, पट्टी, म्हणजे गायकाचा सा कुठे आहे ते. कॅसेटवरून उतरवलेलं गाणं सहा टक्के वेगानं धावलं की काळी एकचा गायक अर्ध्या स्वरानं वर, पांढरी दोनमध्ये जातो आणि तासाभराचं गाणं साडेछप्पन्न मिनिटांत संपतं. आवाज जरा कोवळा, ताना जरा घाईच्या वाटल्या तर हीच शंका घ्यावी.

आता मुंबईतली प्रत्यक्ष मैफल. गिरगावातला ट्रिनिटी क्लब, सांताक्रूझचं सबर्बन म्युझिक सर्कल, माटुंग्याचं दादर-माटुंगा कल्चरल सेंटर, ही नावं शोधून कार्यक्रमांवर नजर ठेवा. एनसीपीएचं टाटा थिएटर मोठं, पण बांधतानाच ध्वनीचा विचार केलेला आहे. पहिल्या काही मैफली मात्र छोट्या जागेतच ऐकाव्यात. तबलजी बहुधा गायकाच्या उजव्या हाताला, म्हणजे आपल्या डावीकडे बसतो. तिकडच्या बाजूची खुर्ची धरा, डग्ग्यावरचा हात दिसतो. समेआधी गायक त्याच्याकडे बघतो, ते बघणंसुद्धा खूण म्हणून पुरतं. स्पीकरच्या तोंडासमोर बसू नका, तिथे तबला गाण्यावर चढतो. आणि वेळेवर पोचा. उशीर झालाच तर बंदिश संपेपर्यंत दारात थांबावं.

उघड्यावरच्या मैफली ध्वनिक्षेपकाच्या नियमामुळे रात्री दहाला आटोपतात. त्यामुळे दरबारी, मालकंस त्यांच्या खऱ्या वेळेला तिथे क्वचितच ऐकायला मिळतात. ते घरी, रेकॉर्डवर, बाराच्या पुढे. तोडी, देशकार, जौनपुरी प्रत्यक्ष ऐकायचे तर रविवार सकाळच्या मैफली शोधाव्यात. लोकलचा मेगाब्लॉक तेवढा आधी बघून निघा.