तुंगभद्रेतले खांब

हंपीत विठ्ठल मंदिराकडून नदीकडे उतरलं की पुरंदरदास मंटपाजवळ तुंगभद्रेच्या पात्रात ग्रॅनाइटच्या खांबांच्या रांगा दिसतात. विजयनगरच्या काळातल्या पुलाचं एवढंच शिल्लक आहे. वरचा रस्ता केव्हाच गेला. या अवशेषांच्या मोजणीसाठी मी गेलो तो उन्हाळ्यात. होसपेटजवळच्या धरणातून पाणी सोडलं की हे खांब बुडू लागतात, त्यामुळे काम पात्र उतरलेलं असतानाच उरकावं लागतं.

काम देणाऱ्यांची सूचना साधी होती: नकाशात उभे खांब दाखवा, पडलेले दगड वगळा. पुढेमागे ते काठावर ओढून जागा मोकळी करायची होती. मला ते पटत नव्हतं, पण हातात पुरावाही नव्हता.

तो दिला हरिगोलवाल्याने. वेताची ती गोल होडी तो खडकांमधून सहज फिरवत होता. दोन खांबांमधे त्याने वल्हं खाली टेकवलं आणि म्हणाला, "सर, इथे लांब दगड आहे, आम्ही याला चुकवूनच जातो." गुडघाभर पाण्यात उतरलो. शेवाळ हाताने पुसल्यावर कडेला चौकोनी खाचांची रांग लागली. ओळीने खाचा पाडायच्या, पाचरी ठोकायच्या, की ग्रॅनाइट त्या रेषेत फुटतो. हंपीत जागोजागी अशा खुणा आहेत. दगडाचं एक टोक गाळात रुतलेलं, म्हणून टेप धरायलाच बराच वेळ गेला. लांबी भरली ती दोन्ही खांबांच्या माथ्यांवर टेकेल इतकी. म्हणजे ही पुलाची तुळई, आणि ती आपल्याच गाळ्यात, याच दोन खांबांमधल्या जागेत, पडलेली असावी!

मग मी मोजणीचा क्रमच बदलला. कोणता दगड कुठे पडलाय, त्याचं तोंड कुठे आहे, हे सगळं घेतलं. गाळा केवढा होता, तुळया कशा टेकत होत्या, हे उभ्या खांबांइतकंच हे पडलेले दगड सांगतात. हलवले की ते नुसते दगड.

याच नदीवर बांधायला घेतलेल्या नव्या पुलांमुळे हंपी 1999 साली युनेस्कोच्या धोक्यातल्या वारशांच्या यादीत गेलं होतं, 2006 पर्यंत तिथेच राहिलं. त्यातला आनेगुंदीचा पूल 2009 मधे काम चालू असतानाच कोसळला, मजूर दगावले. इतकं होऊनही पडलेले दगड कुणाला अडगळ वाटावेत, याचा मला राग येतो.

नकाशात मी पडलेल्या प्रत्येक तुळईला क्रमांक दिला आणि सोबतच्या पत्रात लिहिलं, यातला एकही दगड जागचा हलवू नये.