कुंडीखालची किल्ली

आमचा जुना कॉम्प्युटर हल्ली चपलांच्या कपाटावर बसून घरकाम करतो. सगळ्यांच्या फोनमधले फोटो सांभाळतो, आईला टीव्हीवर कीर्तनं पुरवतो. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही; नुसता डबा आणि घरघर. आम्ही मात्र तोऱ्यात त्याला 'सर्व्हर' म्हणतो.

पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीसाठी लाइट जाण्याचा वार. वीज आली की आपोआप सुरू हो, असं मी बायोसमध्ये (मशीनच्या अगदी मुळातल्या सेटिंगमध्ये) सांगून ठेवलं होतं. तो इमानदारीत सुरू व्हायचाही. आणि पासवर्डच्या पडद्यापाशी येऊन ताटकळायचा. कीर्तनं वाटणारा प्रोग्रॅम मी विंडोजच्या स्टार्टअपमध्ये टाकलेला, तो कुणी लॉगिन केल्याशिवाय जागा होईना. मग ऑफिसात आईचा फोन: "अरे, तुझा डबा घरघरतोय, पण बुवा दिसेनात."

शेवटी त्याला स्वतःच आत जायची मुभा द्यायचं ठरवलं. 'नेटप्लविझ' ही विंडोजची खात्यांची खिडकी उघडली, तर 'पासवर्ड विचार' म्हणणारी, जिथली खूण काढायची ती चौकटच गायब! सेटिंगमधली 'फक्त हॅलोनेच (म्हणजे पिन, चेहरा किंवा बोटाच्या ठशाने) साइन-इन' ही अट काढली, तेव्हा ती उगवली. तिथे पिन चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. तो मला बराच वेळ आठवेना. (पिनने माणूस आळशी होतो.)

दुसरी वाट रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीतून. 'विनलॉगॉन'च्या कप्प्यात 'ऑटोअॅडमिनलॉगॉन'ला 1 करायचं आणि शेजारी 'डिफॉल्टपासवर्ड'मध्ये पासवर्ड लिहून ठेवायचा. सरळ, वाचता येईल असा! गावाला जाताना किल्ली तुळशीच्या कुंडीखाली ठेवतात, तसंच हे. आणि चोर पहिली कुंडीच उचलतो. मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं 'ऑटोलॉगॉन' वापरलं तर पासवर्ड एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे सांकेतिक रूपात, राहतो. पण अॅडमिनचे अधिकार हाती असलेल्याला तो तिथूनही काढता येतो. कुंडी अंगणातून माजघरात नेली, इतकंच.

मी माजघर पत्करलं. वर स्टार्टअपमध्ये एका ओळीची आज्ञा घातली: आत गेलास की लगेच स्क्रीन लॉक कर. प्रोग्रॅम आत चालू राहतात, आणि उद्या कुणी स्क्रीन-कीबोर्ड जोडून बसलाच तर समोर पुन्हा पासवर्डच. स्वतः दार उघडायचं, आत शिरायचं आणि आतून कडी घालायची.

गुरुवारी लाइट गेले, आले. फोन नाही. संध्याकाळी न राहवून मीच विचारलं, "कीर्तन लागलं का गं?"

"न लागायला काय झालं?" आई म्हणाली.