उद्या अकराला मुलाखत

मंगळवार, रात्र.

मुलाखतीचं बोलावणं हल्ली आदल्या संध्याकाळी येतं. लगेच नवे कपडे घ्यायला लक्ष्मी रोड गाठावासा वाटतो, पण गाठू नये. नवा शर्ट पुठ्ठ्यावर टाचण्या लावून घट्ट घड्या घातलेला असतो. एका इस्त्रीत त्या घड्या जात नाहीत आणि धुवायला वेळ नसतो. नवे बूट तर टाच सोलूनच काढतात. त्यापेक्षा घरातला, धुऊन मऊ झालेला शर्ट बरा.

तो घालून खुर्चीत बसायचं. उभ्याने नीट दिसणारा शर्ट बसल्यावर दोन बटणांमध्ये फाकतो, पँट वर सरकते आणि आखूड मोज्यावरची पोटरी उघडी पडते. खांद्याची शिवण दंडावर उतरत असेल तर तो शर्ट बादच. खांदा रातोरात दुरुस्त होत नाही. पँटची लांबी मात्र अल्टरेशनवाला तासाभरात करून देतो. माप देताना उद्याचेच बूट पायात हवेत. उरलेलं कापड कापू न देता दीड इंच आत दुमडायला सांगावं.

रंग पांढराच, असं माझं मत. फिकट निळा कितीही सोज्वळ दिसो, लोकलमधून उतरेपर्यंत काखेतला घाम त्याच्यावर उठून दिसतो.

साडी नेसायची तर फॉल-पिको झालेली, ब्लाउज आजही बसतोय अशी. कडक खळीची सुती साडी सवय असेल तरच. कुर्त्यावरची ओढणी पिन करून टाकावी, हातात फाइल असताना सावरत बसायला नको.

इस्त्री रात्रीच करावी. शर्ट किंचित दमट असताना आधी कॉलर, टोकांकडून मध्याकडे. उलट फिरवली की टोकाला चुणी साचते. मग कफ, बाह्या, शेवटी अंग. काळी टेरिकॉटची पँट सुलट बाजूने दाबली की गुडघ्यावर चमक येते आणि ती सहसा जात नाही. म्हणून उलटी करून, नाहीतर वर ओलसर सुती रुमाल ठेवून. कोट नवा असेल तर मागच्या कापावरचा फुलीसारखा टाका आणि बाहीवरचं लेबल काढायचं. कितीतरी जण ते तसंच मिरवतात!

खरा दगा बूट देतात. काही वर्षं डब्यात पडलेल्या बुटाचा पॉलियुरेथेनचा तळ हवेतल्या दमटपणाने आतून भुसभुशीत होतो. वरून कोरा करकरीत दिसतो आणि जिन्यातच तुकडे पडतात. आज रात्रीच वाकवून बघावा. भेग दिसली तर दुसरा जोड काढावा. असा तळ चिकटवून टिकत नाही, कारण गोंद ज्याला धरणार त्याचाच भुगा झालेला असतो. पाऊस असेल तर चपला घालून निघायचं. बूट आणि कोरडे मोजे पिशवीत ठेवायचे आणि इमारतीखाली बदलायचे. पट्टा बुटाच्याच रंगाचा.