पाचवा तास

रविवार, १२ ऑक्टोबर. रात्रीचे साडेदहा.

आज दुपारभर लेकीशेजारी बसून तिचे इथल्या, अमेरिकेतल्या कॉलेजांचे अर्ज पाहिले. १ नोव्हेंबरला पहिली मुदत, म्हणजे हातात जेमतेम तीन आठवडे. साडेसहाशे शब्दांचा निबंध तिने मला वाचू दिला नाही आणि मीही आग्रह धरला नाही. पण अ‍ॅक्टिव्हिटीजचं पान उघडून तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "आई, स्पेलिंगच्या चुका तेवढ्या बघ. मजकुराला हात लावायचा नाही."

कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे एकदाच भरून अनेक कॉलेजांना पाठवता येतो त्या ऑनलाइन अर्जात, या पानावर दहा रकाने असतात. प्रत्येकात तुम्ही काय करता ते दीडशे अक्षरांत लिहायचं, मधल्या मोकळ्या जागाही त्यातच मोजल्या जातात. खाली कुठल्या इयत्तेत केलंत, आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे. हिने दहापैकी सहाच भरले होते. ओळखीच्या मुलांचे दहाही भरून वर यादी उरते, हे मला ठाऊक आहे. तरी आज मी काही बोलले नाही. फेब्रुवारीत बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं.

फेब्रुवारीतलं लिहून ठेवायचं राहूनच गेलं. शाळेत पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा फॉर्म आला होता. बारावीचे सहा तास. कॅल्क्युलस, लिटरेचर आणि गव्हर्न्मेंट हे एपीचे, म्हणजे शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय तिने न सांगता घेतले. पाचव्या तासाला आम्ही दोघांनी एपी फिजिक्स गृहीत धरलं होतं आणि तिथे तिने सिरॅमिक्स, म्हणजे मातीकाम, लिहिलं. सिरॅमिक्स! त्या रात्री जेवणं तशीच राहिली. नवरा आवाज न चढवता तेच तेच पुन्हा सांगत होता, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. एपीमधल्या ए ग्रेडला चाराऐवजी पाच गुण धरतात, हे तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. मला भीती वेगळीच होती. शाळेचा काउन्सेलर कॉलेजला जो अहवाल पाठवतो, त्यात या मुलीने निवडलेले विषय किती कठीण होते, असा एक प्रश्न असतो. 'सर्वांत कठीण', मग 'खूप कठीण', अशा उतरत्या पायऱ्या. एका तासापायी तिची खूण एक पायरी खाली घसरेल, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

ती म्हणाली, "फिजिक्स मला जमत नाही म्हणून सोडत नाहीये. दिवसातला एक तास मला हातांनी काहीतरी करायचंय."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी गप्प बसायला हवं होतं आणि बसले नाही. "इतकी वर्षं केलेल्या मेहनतीवर पाणी सोडशील," असं म्हणाले. ते वाक्य मला अजून टोचतं.

माझी बारावी महाराष्ट्रातली. दहावीच्या टक्क्यांवर सायन्स मिळालं, बारावीच्या पीसीएमच्या मार्कांवर इंजिनिअरिंग. इतिहास मला मनापासून आवडायचा. तो दहावीलाच सुटला. सोडायचा का, असं कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाजवळ बोलले नाही. म्हणून तर इथली पद्धत मला सुरुवातीला फार भावली होती, की बारावीतलं मूल कॅल्क्युलसच्या तासाहून उठून ऑर्केस्ट्राला जाऊ शकतं. आणि माझ्याच घरी मुलीने ती मोकळीक वापरली तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले.

तेव्हा मी आणखी एक गोष्ट नीट पाहिली नव्हती. बारावीतल्या एपीच्या परीक्षा मे महिन्यात होतात, आणि कुठल्या कॉलेजला जायचं ते बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत कळवायचं असतं. म्हणजे त्या परीक्षेच्या निकालाचा प्रवेशाशी संबंधच उरत नाही. यूसीवाले, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठवाले, तर बारावीचे ग्रेड जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, धरतच नाहीत, विषय कोणते घेतलेत ते मात्र बघतात. विषयांचं वजन असतं, नाही असं नाही. पहिल्या सत्राचे ग्रेडही कॉलेजला जातात, आणि प्रवेश मिळाल्यावर अभ्यास सोडून दिला तर तो काढूनही घेतात. पण त्या वजनाखाली आमच्या घरातलं दुसरं काही दिसेनासं झालं होतं.

ते आज दिसलं, चौथ्या रकान्यात.

त्या पानावर प्रत्येक गोष्टीचा प्रकार यादीतून निवडायचा असतो. खेळ, संगीत, डिबेट, रोबोटिक्स, पगारी काम. त्यातच 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' असाही एक प्रकार आहे. हिने तो निवडला होता. खाली इंग्रजीत लिहिलं होतं: रोज दुपारी आजीची साखर तपासते, इन्सुलिन देते, डोळ्यांत थेंब घालते, तिला मराठी पेपर वाचून दाखवते. आठवड्याचे तास, नऊ.

माझी आई तीन वर्षांपासून आमच्याकडे आहे. शाळा सुटून ही चारला घरी येते, मी साडेसहाला. मधल्या वेळात घरात काय चालतं, याचा मी कधी हिशोब केला नव्हता. आज केला. रोजचे अडीच तास, पाच दिवस, म्हणजे साडेबारा. "नऊ का लिहिलेस?" विचारलं तर म्हणाली, "अगं, कधी कधी आजी झोपलेली असते. तेव्हाचे नाही धरले."

पेपर वाचायला लागली तेव्हा ती जोडाक्षरांपाशी अडायची. 'ज्ञ' आला की थांबायची आणि आई डोळे मिटून शब्द पुरा करायची. आता अग्रलेख सलग वाचते. तिचं मराठी सुधारलंय असं मी सगळ्यांना कौतुकाने सांगत होते, कशाने सुधारलं ते न बघता.

आणि तो चहाचा मग. सिरॅमिक्सच्या तासाला ती ऑगस्टपासून दोन कानांचा मग करते आहे. आईचे हात थरथरतात, एका कानाने चहा हिंदकळतो. पहिल्या मगाचा कान भट्टीत जायच्या आधीच तडकला, दुसऱ्याचा भाजताना सुटला. कान बारीक असतो, म्हणून मगापेक्षा लवकर वाळतो, आकसतो आणि जोडावर चीर जाते. हे तिने मला आज टेबलावर बोटाने काढून दाखवलं. दोन्हीकडे सुईने रेघा ओढायच्या, पातळ मातीचा लेप लावायचा, दाबून बसवायचं, आणि मग सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचं, म्हणजे दोन्ही बरोबरीने वाळतात. तिसरा आता शाळेच्या फळीवर तसाच गुंडाळून ठेवलाय. नवरा मागे उभा राहून ऐकत होता. त्याने विचारलं, "किती दिवस ठेवावा लागतो?" फेब्रुवारीनंतर सिरॅमिक्सबद्दल त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न.

तो मग अर्जाच्या कुठल्याच रकान्यात नाही. "अर्जात घालायला नाही केला," एवढंच म्हणाली.

चुका तपासल्या. स्पेलिंगची एकच निघाली. पण ती सुधारल्यावर चौथ्या रकान्यातली अक्षरं १५३ झाली आणि आकडा लाल झाला. नऊचे साडेबारा मात्र तिने मला करू दिले नाहीत.

"काय काढू? पेपर वाचते ते काढलं तर बसेल."

"ते नको काढूस," मी म्हणाले.

बराच वेळ शब्द इकडचे तिकडे करून बघितले. शेवटी एक छोटा शब्द काढून ते १५० मध्ये बसलं. तिने सेव्ह केलं, लॅपटॉप मिटला, आणि नऊ वाजले म्हणून थेंबांची बाटली घेऊन आईच्या खोलीत गेली.