आमची वाटचाल : आधी सेल्फ मारायचा नाही

वर्षानुवर्षं पडून असलेल्या छोट्या स्पोर्ट बाइक पुन्हा चालू करणं हा आमचा धंदा. आमच्याकडे अशी गाडी आली की पहिल्या दिवशी तिचा सेल्फ मारायचा नाही. धंद्यातला हा आमचा सगळ्यात कडक नियम, आणि तो आम्ही पहिल्याच गाडीवर चूक करून शिकलो.

तेव्हा धंदा म्हणावा असं फारसं काही नव्हतं. मेव्हणा, मी, एक शेड आणि लोकांच्या रोजच्या गाड्यांची सर्व्हिसिंग. ऑइल बदल, चेन आवळ, ब्रेक शू टाक. पोट भरत होतं, पण स्पोर्ट बाइकचं वेड दोघांनाही जुनंच. एक दिवस कळलं, एका गृहस्थांकडे कावासाकी निंजा 250 आर पडून आहे, 9 वर्षं हललेली नाही. जुन्या पिढीची, 16 इंची चाकांची. 1988 पासून 2007 पर्यंत जवळजवळ न बदलता बनत राहिली ती. ताडपत्री काढली तर फेअरिंगला, म्हणजे बाहेरच्या प्लास्टिकच्या आवरणाला, ओरखडा नाही, मीटरवर किलोमीटर कमी. मालक म्हणाले, "लावली तेव्हा चालू होती."

हे वाक्य त्यानंतर इतक्या वेळा ऐकलंय की आता ते कानावर पडलं की मी आधी टाकीचं झाकण उघडून वास घेतो. मालक खोटं बोलत नसतात. लावली तेव्हा गाडी चालूच असते. बिघाड होतो तो नंतर, एका जागी, कुणाचं लक्ष नसताना.

गाडी आणली त्याच संध्याकाळी नवी बॅटरी जोडली, ताजं पेट्रोल ओतलं आणि सेल्फ मारला. चौथ्या खेपेला एका सिलिंडरवर खोकत खोकत सुरू झाली. आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. 10 मिनिटांत एअरबॉक्सच्या (एअर फिल्टरच्या पेटीच्या) नळीतून पेट्रोल टपकायला लागलं म्हणून बंद केली. उद्या बघू म्हटलं.

सकाळी मेव्हणा इंजिनच्या बाजूच्या, ऑइलची पातळी दाखवणाऱ्या गोल काचेपाशी उकिडवा बसला होता. "दाजी, ऑइल वाढलंय." ऑइल कधी वाढत नसतं. ड्रेन बोल्ट सोडला तर काळं पाण्यासारखं पातळ काहीतरी भसाभस बाहेर आलं, आणि शेडभर पेट्रोलचा वास. झालं होतं असं : या गाडीचा पेट्रोलचा कॉक व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिन चालू असताना ओढल्या जाणाऱ्या हवेवर उघडतो, त्याच्या आतला रबरी पडदा फाटलेला. त्याच्या खाली कार्बोरेटरमधली (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातली) फ्लोटची सुई, म्हणजे पेट्रोल पुरेसं झालं की ते थांबवणारी झडप, टाकीतल्या गंजाच्या कणावर अडकून उघडी राहिलेली. त्यामुळे रात्रभर पेट्रोल सिलिंडरमध्ये उतरलं आणि रिंगांवरून झिरपत ऑइलमध्ये गेलं. सकाळी न बघता कुणी पुन्हा सेल्फ मारला असता तर पिस्टनवर साठलेलं पेट्रोल दाबलं गेलं नसतं, कनेक्टिंग रॉड मात्र वाकला असता. इंजिन वाचलं ते मेव्हण्याच्या त्या काचेत डोकावायच्या सवयीमुळे.

मग कार्बोरेटर खाली काढले. केहिन या जपानी कंपनीचे दोन, एकमेकांना जोडलेले. इथे आमचं अज्ञान एकेक करून बाहेर आलं. पहिलं म्हणजे स्क्रू. जपानी गाड्यांचे क्रॉस स्क्रू दिसतात फिलिप्ससारखे, पण मापात ते जेआयएसचे, म्हणजे जपानी मानकाचे. साधा फिलिप्स त्यात तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की उसळी मारून डोकं खातो. फ्लोट बोलच्या (कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीच्या) 8 पैकी 3 स्क्रूंची डोकी आम्ही गोल करून ठेवली. दुसरं, कार्ब क्लीनरचा स्प्रे. वरच्या झाकणाखाली पातळ रबरी डायफ्राम असतो, तो न काढताच मारला. रबर फुगलं, पसरलं, आणि त्याच्या खाचेत परत बसेना. नवा मागवावा लागला आणि तो येईपर्यंत गाडी उघडीच.

तिसरी गोष्ट कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पेट्रोल पडून राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो, उरलेल्याचं हवेशी संयोग होऊन चिकट लाखेसारखं काहीतरी बनतं. इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतला ओलावाही ओढतं, आणि पाणी फार झालं की वेगळं होऊन तळाला बसतं. ही लाख सगळ्यात आधी बुजवते पायलट जेट, म्हणजे गाडी उभी असताना इंजिनला पेट्रोल देणारी तोटी, कारण त्याचं भोक सगळ्यात बारीक, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. वेगात पेट्रोल देणारा मेन जेट साफ असला तर गाडी मोठ्या अॅक्सिलरेटरवर मस्त पळते; बंद पडते ती सिग्नलला.

आमची तशीच पडत होती. पण एकदा साफ केलंय, होईल चालवून मोकळं, असं म्हणून आम्ही ती विकली. आठवड्यात घेणारा परत. दुसऱ्यांदा साफ केली, पुन्हा परत. तिसऱ्यांदा मेव्हण्याने पायलट जेट उजेडाकडे धरून भिंगातून पाहिला. भोक दिसत होतं, पण गोल नव्हतं. एका कडेला चंद्रकोरीएवढी लाख राहिलेली. तांब्याच्या वायरची एकच तार काढून ती खरवडली (लोखंडी तार घालायची नाही, भोक मोठं होतं आणि मग जेट फेकायचाच). त्या दिवसापासून गाडी न कुरकुरता मिनिटाला 1,300 फेऱ्यांच्या आसपास आयडल (अॅक्सिलरेटर न देता चालणं) धरून राहिली. घेणाऱ्याकडून तीन खेपांचे पैसे अर्थातच घेता आले नाहीत.

हिशोब केला तर त्या गाडीवर आम्ही तोट्यात. घेतली ती स्वस्त, पण स्वस्त गाडी म्हणजे काय हे तेव्हा कळलं. जे जे रबराचं ते गेलेलं. टायर दिसायला नवे, नक्षी पूर्ण, पण बाजूला चार आकडी शिक्का 2304, म्हणजे 2004 सालचा 23 वा आठवडा. 16 इंचात निवडायला टायर थोडेच, मिळतील ते घ्यावे लागले. फोर्कचे (पुढच्या शॉकअपचे) सील, इनटेकचे (कार्बोरेटर इंजिनला जोडणारे) रबर, ब्रेकचे पाइप, सगळं बदललं. एअर फिल्टरच्या फोमला हात लावला तर भाजलेल्या पापडासारखा चुरा झाला. त्यानंतर आम्ही एक वही घातली. गाडीमागे लागलेला प्रत्येक तास त्यात, मग तो चहा पीत विचार करण्यात गेलेला का असेना. धंदा खरा सुरू झाला तो त्या वहीपासून. 2 गाड्या पुरी झाल्यावर वहीत दिसलं की निम्मा वेळ कार्बोरेटरवर जातो, तेव्हा शेडमधलं पहिलं मोठं यंत्र घेतलं : ध्वनिलहरींनी पाण्यात भाग साफ करणारा अल्ट्रासॉनिक क्लीनर. मेव्हणा त्याला "दाजींचं भांडी घासायचं मशीन" म्हणतो.

आता क्रम ठरलेला आहे. प्लग काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडायचं आणि गाडी 2 दिवस तशीच ठेवायची. मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं, सावकाश, आणि अडलं तर थांबायचं. हाताला जे कळतं ते सेल्फच्या मोटरला कळत नाही. गंजलेला व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर हात थांबतो. मोटर थांबत नाही. त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजायचं. आकडा किती यापेक्षा दोन्ही सिलिंडरांत फरक किती, याकडे आम्ही जास्त बघतो. टाकी वेगळी काढून सायट्रिक अॅसिडने गंज काढायचा, सोड्याच्या पाण्याने धुवायची, लगेच वाळवायची. तासभर ओली राहिली तरी पुन्हा तांबूस होते. आणि पहिल्यांदा सुरू करताना टाकी जोडायचीच नाही, वर टांगलेल्या बाटलीतून पेट्रोल द्यायचं.

ब्रेकवर मात्र चर्चा नाही, ते पूर्ण खोलायचेच. ब्रेक ऑइल पाणी ओढतं. डॉट 4 या दर्जाचं नवं ब्रेक ऑइल किमान 230 अंशाला उकळतं, ओलावा खाल्लेलं 155 ला उकळू शकतं. मास्टर सिलिंडरमधलं (लिव्हरपाशी ब्रेक ऑइल दाबणाऱ्या भागातलं) परतीचं बारीक भोक बुजलं तर ब्रेक धरून ठेवतो, डिस्क तापते आणि चालवणाऱ्याला वाटतं इंजिनला ताकद नाही. क्लच प्लेट चिकटलेल्या सापडतात, त्या बहुतेक वेळा सुटतात. वायरिंग उंदरांवर अवलंबून.

छोट्याच स्पोर्ट बाइक का, असं लोक विचारतात. कारण पडून राहतात त्याच. ही बहुतेकांची पहिली गाडी. वर्ष-दोन वर्षांत मोठी घेतली जाते, किंवा लग्न होतं, किंवा एकदा पडल्यावर घरचे चावी लपवतात, आणि भावनेपोटी ती विकलीही जात नाही. म्हणूनच घेताना आम्ही हँडलची टोकं, लिव्हरचे गोळे आणि फ्रेमवरचा स्टिअरिंग स्टॉप, म्हणजे हँडल ठरावीक जागी अडवणारा खुंट, आधी बघतो. नवशिक्याच्या हातून गाडी पडलेली असतेच. फेअरिंग नवी टाकली तरी स्टॉप वाकलेला राहतो. तो वाकलेला दिसला की आम्ही नाही म्हणतो. चासी नंबर कागदाशी जुळला नाही तरी नाहीच, इंजिन कितीही गोड असलं तरी. ही दुसरी गोष्ट एकदा पैसे देऊन झाल्यावर कळली होती. त्या गाडीचे सुटे भाग अजून फळीवर आहेत.

मधे एकांनी होंडा सीबीआर 250 आरआर आणली. जपानमध्ये 250 सीसीपर्यंतच्या गाड्यांना ठरावीक मुदतीची सरकारी तपासणी लागत नाही, त्यामुळे तिथल्या कंपन्यांनी एका काळी असलेलं नसलेलं सगळं कौशल्य 250 मध्ये ओतलं. ही त्यातली : 4 सिलिंडर, मिनिटाला 18,000 फेऱ्यांच्याही पुढे फिरणारं इंजिन, आणि अर्थात 4 कार्बोरेटर. वहीची साडेतीन पानं तिने एकटीने भरली. चारी सिलिंडरांचा व्हॅक्यूम (हवा ओढण्याचा जोर) सारखा करताना मीटरचा एक काटा सतत नाचत होता. दीड दिवसाने सापडली ती इनटेक रबराला गेलेली केसासारखी भेग. पण ती सुरू झाली तेव्हा मेव्हण्याने जो चेहरा केला, त्याचा तास वहीत लिहिलेला नाही.

आत्ता शेडमध्ये आणखी एक निंजा उभी आहे. प्लग काढलेले, दोन्ही भोकांत फडकं खुपसलेलं, ऑइल मुरतंय. मालक कालपासून दोनदा येऊन गेले, "एकदाच सेल्फ मारून बघू या का?" म्हणत. बॅटरी आम्ही कपाटात कुलूप लावून ठेवली आहे.