जुन्या नंबरवरचा ओटीपी

आज आईच्या खात्याचा मोबाइल नंबर बदलायला बँकेत गेलो. जुनं सिम हरवलंय, म्हणून तर बदलायचा! काउंटरवरच्या ताई शांतपणे म्हणाल्या, "जुन्या नंबरवर ओटीपी आला असेल, तेवढा सांगा."

मला जोसेफ हेलरची १९६१ची 'कॅच-२२' ही कादंबरी आठवली. वेडा ठरलेल्या वैमानिकाची मोहिमेतून सुटका होते, पण ती त्याने स्वतः मागायची. आणि मागितली, की तो शहाणा ठरतो. म्हणजे उडणं आलंच. (तिथे निदान युद्ध तरी चालू होतं.)

शेवटी अर्ज भरायला दिला. त्यात पहिलाच रकाना, 'नोंदणीकृत मोबाइल क्रमांक'. आईने चष्मा कपाळावर सरकवला. "कुठला लिहू रे? हरवलाय तो, की अजून चढायचाय तो?"