बालवाडीतले रंग : सहावा शनिवार

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाडीतली बालवाडी, तीन ते पाच वर्षांची पंधरा मुलं, शनिवारी सकाळचा एक तास. पहिल्या शनिवारी हौसेने सहा रंग मांडले आणि दहा मिनिटांत पंधरा चिखल मिळाले. आता वाट्या दोनच, पिवळी आणि निळी. आधी पिवळा भरपूर फासू द्यायचा, मग निळ्याचं एकच बोट. हिरवा आपोआप उगवतो आणि वर्गात जो ओरडा होतो तो ऐकण्यासारखा असतो. लाल तिसऱ्या आठवड्यात आणला, पण त्या दिवशी निळ्याला सुट्टी. तिन्ही एकत्र आले की चिखल ठरलेलाच.

वाट्या म्हणजे करवंट्या. त्या डुगडुगतात, म्हणून खाली जुन्या लुगड्याच्या चुंबळी केल्या. प्लास्टिकच्या पॅलेटपेक्षा हे बरं, कारण मूल कोपराने धक्का देतंच. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा शिंपले, दगड, पानं अशा आसपासच्या वस्तूंचीच शैक्षणिक साधनं केली होती. तेव्हा करवंटीत काही नवल नाही. कागदाचं म्हणाल, तर जुनं कालनिर्णय चालत नाही, मागे मजकूर असतो. मी चित्रकलेच्या जाड कार्ट्रिज कागदाचे तुकडे करून नेतो.

ब्रश हा खरा प्रश्न. मूल तो मुठीत धरतं आणि कागदात खुपसतं. दोन आठवड्यांत तीन ब्रशांचे केस केरसुणीसारखे फिसकटले. ‘हळू धर’ म्हणून काही होत नाही. मग सांगितलं, आजी अंगण सारवते तसा हात मागे ओढायचा. हे मात्र लगेच कळलं. आता रंग बदलण्याआधी ब्रशची आंघोळ, मग करवंटीच्या काठावर निथळणं, मग फडक्याला पाय पुसणं. एक छोटी तर दुसऱ्यांच्या ब्रशांवरही लक्ष ठेवते, भारी कडक आहे.

चौथ्या शनिवारी माझीच फजिती झाली. घरचे रंग करू म्हणून हळद पाण्यात कालवली. नुसती हळद तळाशी बसते, म्हणून डिंकाचं पाणी घातलं. एका वाटीत खायचा सोडा टाकल्यावर पिवळ्याचा तांबडा झाला, मुलं थक्क. (चुन्यानेही होतो, पण चुना डोळ्यात गेला तर भाजतो, मुलांच्या हाती देऊच नये.) दुसऱ्या दिवशी एक आई युनिफॉर्म घेऊन दारात. “काकानू, साबण लावल्यार डाग लाल कसो झालो?” सोड्यासारखाच साबणही अल्कलीधर्मी, त्यामुळे तीच जादू तिच्या मोरीत झाली होती. खळखळून धुवा आणि उन्हात घाला, हळद उन्हाला उडते, असं सांगितलं खरं, पण श्रावणात ऊन आणायचं कुठून? चार दिवसांनी उघडीप मिळाली तेव्हा डाग फिका झाला. तेव्हापासून जुने शर्ट उलटे घालायचे, बटणं पाठीकडे.

काल एकाने निळ्या-पिवळ्यावर कोळसा घासला आणि अख्खा कागद करडा झाला. मी पुसायला फडकं उचललं, तर म्हणतो, “काकानू, पावसात दर्यो असोच दिसता.” खिडकीतून पाहिलं. खरंच तसाच होता, गढूळ, वर पांढरी रेघ. मी फडकं खाली ठेवलं.

कागद वाळत नाहीत, ही अडचण अजून आहे. दोरीवर चिमट्याने टांगलेले सोमवारीही दमट असतात, आणि दोनांवर बुरशी आली. पुढच्या शनिवारी आमसुलाचं पाणी आणि सोडा. घरी करून पाहिलं, लालाचा निळसर करडा होतो. या वेळी युनिफॉर्म नको असं आधीच कळवलंय.